प्राणायाम, तीन चेंडू आणि उसाचा भाव

अहिल्यानगर जिल्ह्याचा श्वासाच्या बाबतीतला वारसा पाहता येथील रहिवाशास दम लागणे हेच मुळात अशोभनीय ठरावे. कारण मृत्यू दाराशी आला की प्राण ब्रह्मांडी चढवून त्याला हात हलवत परत पाठवणारे आणि या युक्तीवर चौदाशे वर्षे जगले अशी आख्यायिका असलेले चांगदेव याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या पुणतांब्याला समाधिस्थ आहेत, आणि जिच्या सहाव्या अध्यायात प्राण-अपानाचा व कुंडलिनीचा विचार विस्ताराने आला आहे ती ज्ञानेश्वरी १२९० मध्ये नेवाशाला सांगितली गेली.

एवढ्या पुण्याईनंतरही ‘लाँग कोविड’ने, म्हणजे विषाणू निघून गेल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या धाप, थकवा आदी लक्षणांनी, जिल्ह्याला सवलत दिली नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघर आलेले तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र, ज्याला वैद्यकात इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर म्हणतात, ते पुढे याच कामी टीव्हीशेजारी मांडले गेले. नळीतून हवा सावकाश व खोल आत ओढावी, म्हणजे चेंडू वर चढतात आणि फुप्फुसाच्या तळाचे मिटलेले वायुकोश उघडण्यास मदत होते, असे त्याचे तत्त्व. परंतु नळी दिसताच फुंकण्याचा मानवी स्वभाव असल्याने चेंडू ढिम्म राहतात आणि यंत्र सदोष ठरते. ओढायचे असते हे उमगेपर्यंत नातवाने तिन्ही चेंडू एका झटक्यात टाळूला भिडवलेले असतात (नळी ज्याची त्यानेच वापरावी, हा नियमही त्याच क्षणी मोडतो), आणि आजोबांना हा आघात कोविडहून जड जातो. वस्तुतः झटक्याने तीन उडवण्यापेक्षा एकच चेंडू सावकाश वर तोलून धरणे अधिक गुणकारी. पण ज्या गावात आखाडा आहे तेथे हे कोणी मानत नाही.

श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला घुमटाकार स्नायू, खाली सरकला की पोट पुढे येते, म्हणून पोटावर हात ठेवून ते फुगू द्यावे असे सांगतात. फोटोसाठी आयुष्यभर पोट आत ओढलेल्या गृहस्थांना ही परवानगी प्रथम खरीच वाटत नाही. ओठांचा चंबू करून, आत घेण्याच्या दुप्पट वेळ श्वास सोडणे मात्र बशीतल्या चहावर फुंकर घालणाऱ्यांना लगेच जमते. अडचण उत्साहाची आहे. जोरजोरात भस्त्रिका केल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून भोवळ येते व बोटांना मुंग्या येतात, आणि साधक त्याला कुंडलिनीची जागृती समजतो.

या आजारात श्रमानंतरचा थकवा पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उसळतो, म्हणून दमण्याआधीच थांबावे लागते. तरीही जरा बरे वाटताच १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईचा नवस आठवणारे महाभाग आहेतच. त्यांच्यासाठी, चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, अशी साधी कसोटी आहे. फक्त उसाच्या भावावर बोलू लागल्यावर जो धडधाकट असतानाही मध्ये श्वास घेत नाही, त्याला ती कशी लावावी, याचा खुलासा वैद्यकशास्त्राने अद्याप केलेला नाही.