रुंदीबहाद्दर

पुण्याच्या जुन्या पेठांतून जाताना एखाद्या वाड्याच्या मागच्या खोलीतून एकच झांज पुन्हा पुन्हा वाजताना ऐकू आली, खिडक्या भरदुपारी बंद दिसल्या आणि मधूनच "आता बघ… आणि आता?" असा प्रश्न कानावर आला, तर आत रुंदीबहाद्दर मिक्सिंगला बसला आहे असं खुशाल समजावं. झांज वाजवणारा ती वाजवून केव्हाच घरी गेलेला असतो. ती किती रुंद वाजावी एवढंच ठरायचं बाकी असतं, आणि ते दिवाळीपर्यंत ठरत नाही.

वय तिशीच्या अल्याड-पल्याड. दिवसा कुठल्याशा कंपनीत कसलीशी नोकरी, रात्री ऑडिओ इंजिनिअर. अंगात काळा टीशर्ट, गळ्यात हेडफोन. दुकानात कोथिंबीर घेतानाही हेडफोन गळ्यातच. स्टुडिओ म्हणजे घरातली दहा बाय दहाची खोली. त्यात दिवाण, लोखंडी कपाट, आईचं शिलाई मशीन आणि दहावीच्या अभ्यासाला घेतलेलं टेबल. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा (डोक्याची ती जागा म्हणजे स्वीट स्पॉट), हा स्टिरिओचा पहिला नियम त्याला तोंडपाठ आहे. पण टेबलावर जागा नसल्यामुळे डावा स्पीकर टेबलावर आणि उजवा कपाटावर, आईच्या जुन्या साड्यांच्या पेटीवर ठेवलेला असतो. त्रिकोण होतो, पण तो उभा होतो. कपाट हलवून बघ, असं मी त्याला सुचवलं होतं. तर म्हणाला, "कपाट हलवायला चार माणसं लागतात. प्लगइन मी एकटा उतरवतो."

आणि तो उतरवतो. ओझोन इमेजर, वायडर, एमएसईडी हे सगळे वायडनर, म्हणजे आवाज रुंद करणारे प्लगइन, फुकट मिळतात, म्हणून ते त्याच्याकडे आहेत. आणि फुकट मिळाले म्हणूनच त्यांच्यावर त्याचा विश्वास नाही. मग वेव्ह्जचा एस-वन आला, मग साऊंडटॉइजचा मायक्रोशिफ्ट आला. हा मायक्रोशिफ्ट एका कानातला आवाज किंचित चढा करतो, दुसऱ्या कानातला किंचित उतरा करतो, दोघांना थोडं मागेपुढे सरकवतो आणि त्यामुळे गाणारा ऐसपैस पसरल्यासारखा वाटतो. आमच्या भजनी मंडळात कोरसवाले हे काम गेली कित्येक वर्षं विनामूल्य करत आहेत. पण त्यांना डेमो पिरियड नाही, ही त्याची अडचण.

दिवाळी संपली की त्याची खरी दिवाळी लागते. नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सेलमध्ये दीडशे डॉलरचा प्लगइन एकोणतीसला मिळतो, आणि "एकशे एकवीस वाचवले" म्हणून तो घरी पेढे आणतो. त्या वाचवलेल्या पैशांत दुसरा माइक आला असता, हे त्याला कुणी सांगायचं? कारण गंमत अशी की या सगळ्या साम्राज्यात माइक एकच आहे. एका माइकने घेतलेलं सगळं मोनो असतं. डावं-उजवं असं त्यात मुळातच काही नसतं. जे नाही ते रुंद करायचं, हे त्याचं जीवितकार्य.

त्याच्या खोलीत पाहुणा आला की चहाच्या आधी ब्लमलाइन येतो. ॲलन ब्लमलाइन हा ईएमआय कंपनीतला इंग्रज इंजिनिअर. होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना पडद्यावरचा नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून येतोय, हे त्याला खटकलं, अशी गोष्ट सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत कंडक्टर बीचमच्या हाताखाली चाललेली मोझार्टची ज्युपिटर सिंफनी त्याने या पद्धतीने ध्वनिमुद्रित केली. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. हे सगळं सांगताना रुंदीबहाद्दराचे डोळे खरोखर पाणावतात, आणि त्या क्षणी मला तो फार आवडतो. मग तो डोळे पुसतो आणि म्हणतो, "बिचाऱ्याकडे प्लगइन नव्हते रे."

ब्लमलाइनची खरी करामत बेरीज-वजाबाकीत आहे. डावं अधिक उजवं म्हणजे मिड. डाव्यातून उजवं वजा केलं की उरतं ते साइड. दोन्हीकडे सारखं असलेलं मिडमध्ये जातं, वेगळं असलेलं साइडमध्ये. साइड वाढवली की गाणं पसरतं, कमी केली की आकसतं. पुष्कळ वायडनरांच्या पोटात शेवटी हेच गणित निघतं, वरचं रंगकाम तेवढं वेगळं. एफएम रेडिओसुद्धा स्टिरिओ असाच पाठवतो, बेरीज एकीकडे आणि वजाबाकी एकीकडे, म्हणजे साध्या मोनो रेडिओने नुसती बेरीज घ्यावी आणि सुखी राहावं. वजाबाकी त्याच्या कामाची नाही. ही शेवटची ओळ रुंदीबहाद्दर तोंडातल्या तोंडात म्हणतो. पुढे गणपतीच्या मंडपात तीच त्याला नडली.

दुसरं त्याचं दैवत हेल्मुट हास. या जर्मन माणसाने १९४९ मध्ये ग्योटिंगनच्या प्रबंधात दाखवलं की एकच आवाज तीसेक मिलिसेकंदांच्या आत दोनदा आला, तर कानाला दोन ऐकू येत नाहीत. एकच येतो, आणि तो आधी आलेल्या बाजूने. यावरून मिक्सिंगवाल्यांनी युक्ती काढली की उजवीकडचा ट्रॅक पंधरा मिलिसेकंद मागे ढकलायचा, की आवाज लगेच फुगतो. रुंदीबहाद्दर ती युक्ती चिपळ्यांना लावतो, टाळांना लावतो, एकदा तर सुरुवातीच्या शंखालाही लावली. हेडफोनमध्ये अंगावर काटा येतो, हे मी कबूल करतो. पण दोन्ही बाजू एकत्र केल्या की मागेपुढे झालेल्या लाटा एकमेकींना जागोजागी खातात, आणि शंख पत्र्याच्या पिंपात फुंकल्यासारखा निघतो.

मी तबला वाजवतो. साध्या भजनाच्या ठेक्याचं मला भागतं, जास्त महत्त्वाकांक्षा नाही. तो तबला त्याने एका माइकवर घेतला, खालचे सूर डावीकडे ओढले, वरचे उजवीकडे, आणि मला डोळे मिटून ऐकायला बसवलं. माझा डग्गा बाथरूमच्या भिंतीत होता आणि तबला शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. 'धा' वाजवायला मला अंदाजे बारा फुटी हात लागले असते. मी तसं म्हटल्यावर त्याने वेगळाच मुद्दा काढला: डग्गा डावीकडे ठेवला तो वाजवणाऱ्याच्या बाजूने, पण समोरच्या श्रोत्याला तर तो उजवीकडे दिसतो, मग गाणं कुणाच्या जागेवरून ऐकायचं? प्रश्न चुकीचा नाही. मोठमोठ्या स्टुडिओत ड्रमसेटवरून हाच वाद होतो. आमच्यात तो पहाटेपर्यंत झाला, आणि निर्णय असा झाला की आणखी एक प्लगइन बघू.

डग्ग्याचा खर्ज असा बाजूला टाकू नये, हे जुन्या लोकांना सक्तीने कळायचं. स्टिरिओ तबकडीच्या खाचेत दोन्ही बाजूंचं सारखं असलेलं सुईला आडवं हलवतं आणि वेगळं असलेलं उभं. खर्ज दोन्हीकडे उलटसुलट पसरला की सुई उड्या मारून खाचेबाहेर येई. म्हणून खर्ज मध्ये. आता सुई उडत नाही; त्यामुळे शिस्तही राहिली नाही.

त्याची प्लगइन निवडण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. मुलगी बघायला जावं तसा तो डेमो उतरवतो: दिसायला कशी, पडद्यावर किती जागा घेते, मधला गोल खटका पितळी आहे का. ऐकणं शेवटी. पडद्यावरच्या आलेखात मोनो आवाजाची उभी रेघ दिसते. वायडनर लावला की रेघ फुगते, आणि तिच्याबरोबर याची छातीही. शेजारी एक कोरिलेशन मीटर असतो. काटा अधिक एककडे असला म्हणजे दोन्ही बाजूंचं पटतंय. शून्याखाली, उणे एककडे गेला म्हणजे दोघी एकमेकींच्या विरोधात आहेत. ही धोक्याची खूण. रुंदीबहाद्दराला मात्र काटा उण्यात गेला की एव्हरेस्ट सर झाल्यासारखं वाटतं.

मग "आता बघ… आणि आता?" सुरू होतं. समोरचा हमखास दुसऱ्याला चांगलं म्हणतो, कारण वायडनर लावला की आवाज थोडा मोठाही होतो आणि माणसाच्या कानाला मोठं ते चांगलं वाटतं. दोन्हींची पातळी सारखी करून ऐकावं, हे तो स्वतःच दुसऱ्यांना बजावतो. पण स्वतःच्या लाडक्या प्लगइनची पातळी खाली करायला त्याचा हात धजत नाही. एकदा त्याने बराच वेळ खटका फिरवला, श्वास रोखून म्हणाला, "इथे! इथे उघडलं बघ गाणं!" आणि मग दिसलं की प्लगइन बायपासवर, म्हणजे बंदच होता. मला वाटलं, आता तरी उपरती होईल. "म्हणजे बायपाससुद्धा किती छान केलाय त्यांनी," असं म्हणून त्याने तो विकत घेतला.

घरात खरा कान आहे तो त्याच्या आईचा. त्या स्वयंपाकघरात असतात. दोन खोल्या पलीकडे डावं-उजवं काही उरत नाही, सगळी बेरीजच पोहोचते. कसलेले इंजिनिअर मुद्दाम दाराबाहेर जाऊन ऐकतात ते यासाठीच. कढईत मोहरी तडतडत असताना त्या ओरडतात, "अरे, त्या गाणाऱ्याला सर्दी झालीय का?" किंवा, "टाळ कुठे गेले रे मघाचे?" प्रत्येक वेळी निदान अचूक. "आई, तू स्वीट स्पॉटमध्ये नाहीयेस!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. "मला मेलीला गोड चालतही नाही," हे त्यांचं.

रुंदी कशाने येते, याबद्दल माझं मत मी त्याला सांगितलं आहे. गिटार दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावी. दोनदा वाजवताना हात जो थोडा इकडेतिकडे होतो त्यातूनच खरी रुंदी येते. आणि अंतऱ्यात गाणं जरा अरुंद ठेवावं, मग ध्रुवपदाला ते उघडल्यासारखं वाटतं. सगळंच रुंद केलं तर रुंद काहीच ऐकू येत नाही. त्याने मन लावून ऐकलं, दोनदा मान हलवली आणि विचारलं, "बरोबर आहे. पण त्याला कुठला प्लगइन लावू?"

गेल्या गणपतीत त्याला मोठं काम मिळालं. आमच्या भागात एक भावी नगरसेवक आहेत. ते बऱ्याच निवडणुकांपासून भावीच आहेत. त्यांनी स्वतःच्या आवाजात आरती करायची ठरवली. प्रभागातल्या घराघरांत आवाज पोहोचला पाहिजे, ही अट. रुंदीबहाद्दराने त्यांचा आवाज घेतला, त्याची दुसरी प्रत काढली, ती फेजमध्ये उलटी केली, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली. हेडफोनमध्ये साहेबांचा आवाज डोक्याच्या मागून, जवळजवळ आकाशवाणीसारखा यायला लागला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी जागच्या जागी ॲडव्हान्स दिला. आई आतून काहीतरी ओरडल्या. पण दार लावलेलं होतं.

मंडपात कर्णे होते. साऊंडवाल्याने डावी आणि उजवी अशा दोन वायरी बघितल्या, ॲम्प्लिफायरला भोक एकच आहे हे बघितलं, आणि दोन्ही एकत्र पिळून आत खुपसल्या. सुलट आवाज अधिक उलटा आवाज बरोबर शून्य. झांजा आल्या, ढोल आला, माझा तबला आला, साहेबांच्या भगिनींचा कोरस आला. साहेब तेवढे आले नाहीत. त्यांच्या आवाजावर लावलेला प्रतिध्वनी मात्र आला, त्यामुळे दोन गल्ल्या पलीकडे कुणीतरी आरती म्हणतंय असं वाटत होतं. ती आपल्याच मंडपातली आरती असं समजून शेजारच्या मंडळाचे कार्यकर्ते खूश.

"अरे, सगळे आहेत. मी कुठंय?" साहेब.

"साहेब, तुम्ही साइडला आहात."

"साइडला? पैसे मी दिलेत आणि मलाच साइडला टाकलं? कुणी सांगितलं तुला हे करायला? किती घेतलेस त्याच्याकडून?"

मिड आणि साइडचं गणित त्याने तिथेच, हातातल्या प्रसादाच्या द्रोणावर आकृती काढून समजावायला घेतलं. साहेबांना त्यातलं "उजवीकडचे डावीकडच्यांच्या विरोधात गेले" एवढंच कळलं, आणि ते त्यांना पटलंही. पक्षात नुकतंच तसं झालं होतं. मार्ग साऊंडवाल्याने काढला. त्याने पिळलेल्या वायरी सोडवल्या, डावी मंडपातल्या कर्ण्यांना दिली आणि उजवी दुसऱ्या ॲम्प्लिफायरवरून पार चौकातल्या खांबावरच्या कर्ण्यांना. आता दोन्हीकडे साहेब ठणठणीत. अट पुरी झाली, उरलेले पैसेही मिळाले. फक्त माझा डग्गा मंडपात वाजत होता आणि तबला चौकात.

सगळे आरतीला गेले तरी रुंदीबहाद्दर दिसेना. शोधत गेलो, तर मंडप आणि चौक यांच्या बरोब्बर मधोमध, पिठाच्या गिरणीसमोर, रस्त्याच्या मध्यावर उभा. हात पसरलेले, डोळे मिटलेले. त्या जागी दोन्ही कर्णे पुन्हा एकमेकांना खात होते आणि साहेबांचा आवाज विरळ होऊन कुठून येतोय ते कळत नव्हतं.

"ऐक," तो म्हणाला, "याला म्हणतात इमेजिंग."

मागे रिक्षांची रांग लागली होती. पहिल्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मग डोकं बाहेर काढलं.

"ओ भाऊ, साइडला व्हा की जरा!"

"मग मोनोत ऐकू येणार नाही," डोळे न उघडता तो म्हणाला.