थक्क व्हायचं नाही!

दुबई हे शहर बघणाऱ्याने आ वासावा म्हणून बांधलेलं आहे, आणि मराठी पर्यटक तोंड मिटून ठेवायचं ठरवूनच घरून निघतो. क्रूझच्या सिटी टूरमध्ये या दोघांची गाठ पडते, तेव्हा शहरापेक्षा त्यांचा सामनाच जास्त बघण्यासारखा असतो.

आमची बोट सकाळी मीना रशीद बंदराला लागली. तिथेच जुनी ‘क्वीन एलिझाबेथ टू’ कायमची नांगरलेली आहे. 2018 पासून तिचं हॉटेल झालंय. छातीवर बसच्या नंबराचे स्टिकर चिकटवून मंडळी बसली आणि गाईडने माइकवरून पहिला चेंडू टाकला, “हे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जहाजांपैकी एक!”

“आमचे मामा ‘द्वारका’ने यायचे,” मागून नानांनी तो शांतपणे तटवला. “मुंबईहून कराचीमार्गे, डेकवर वळकटी पसरून. 1982 पर्यंत चालू होती ती बोट. तेव्हा सिटी टूर नव्हती. उतरलं की कामाला!”

गाईड केरळचा, माणूस गोड. त्याला अजून कल्पना नव्हती.

त्याने बुर्ज अल अरब दाखवलं. 1999 सालचं, 321 मीटर उंच, समुद्रात मुद्दाम बेट तयार करून त्यावर शिडाच्या आकारात उभारलेलं हॉटेल. जोशीकाकूंनी विचारलं, “आत सोडतात का?” बुकिंगशिवाय नाही, असं कळल्यावर त्यांनी त्या शिडाकडे पाठ फिरवली आणि पिशवीतून चकलीचा डबा काढला. मग पाम जुमेरा. हे खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट समुद्राच्या तळाची वाळू उपसून केलंय, कारण वाळवंटातली वाळू फार बारीक आणि गुळगुळीत, ती भरावाला नीट बसत नाही. “म्हणजे दारात एवढं वाळवंट पडलेलं, आणि वाळू मात्र समुद्रातून!” नाना म्हणाले. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झाल्यामुळे असल्या कारभाराचं त्यांना नवल वाटत नाही.

बुर्ज खलिफापाशी गाईडने कंबर कसली. 828 मीटर! 163 मजले! बांधताना याचं नाव बुर्ज दुबई होतं. दुबई कर्जात रुतली, 2009च्या डिसेंबरात अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले, आणि 4 जानेवारी 2010ला उद्घाटनाच्या दिवशी बुरुजाला अबू धाबीच्या शेखांचं, खलिफांचं नाव लागलं. हे मात्र कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं, तसंच हे. फक्त पंखा जरा उंच.

गाईडने शेवटचं अस्त्र काढलं. या बुरुजात वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो. म्हणून 2011 साली इथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलं, की 80व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि 150व्याच्या वर तीन मिनिटं.

बस गप्प झाली. गाईडला वाटलं, जिंकलो.

“अगं बाई,” जोशीकाकू म्हणाल्या, “म्हणजे संकष्टीला वर चंद्रसुद्धा आधी दिसत असणार!”

त्यानंतर पाऊण तास बसमध्ये फक्त चतुर्थीची चर्चा चालली. कालनिर्णयमधली चंद्रोदयाची वेळ कितव्या मजल्याची, लिफ्टने खाली आल्यावर चंद्र अजून उगवायचाच असेल तर घशाखाली गेलेल्या मोदकाचं काय, असे प्रश्न निघाले. तेवढ्यात म्युझियम ऑफ द फ्यूचर खिडकीतून निघून गेलं. भविष्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुपारी खाडीवर उतरलो. अल फहिदीची जुनी वस्ती, इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांची घरं, त्यांच्यावरचे वाऱ्याचे मनोरे. चारही बाजूंनी उघडे, कुठूनही आलेली झुळूक पकडून खाली खोलीत सोडणारे. वीज नाही, बिल नाही. नाना पहिल्यांदा थांबले आणि वर बघत राहिले.

मग आब्रा. बर दुबईहून पलीकडे देराला नेणारी उघडी लाकडी होडी, भाडं एक दिरहम. होडी मध्यावर असताना गाईड सहज बोलून गेला, “पूर्वी इथे तुमचाच रुपया चालायचा.” 1959पर्यंत आखातात साधा भारतीय रुपयाच होता, मग रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. 1966च्या अवमूल्यनानंतर दुबईने रुपया सोडला. दिरहम आला तो 1973 साली.

झालं! सकाळपासून मिटलेली तोंडं उघडली. “आपला रुपया? इथे?” शेजारच्या पाकिस्तानी कामगारालाही नानांनी ही बातमी दिली. 828 मीटरला जे जमलं नाही, ते एका बंद पडलेल्या नोटेने केलं. मराठी माणूस थक्क होतो, नाही असं नाही. पण त्याला कौतुकाचा विषय घरचा लागतो.

देराच्या सोनेबाजारात सुमारे 64 किलोची, गिनेसच्या पुस्तकात गेलेली अंगठी मांडलेली आहे. “रोज घालायला नाही चालायची,” असा निकाल देऊन काकूंनी बांगड्यांची घडणावळ विचारली. वर्षभराहून जास्त परदेशी राहिलेल्या बाईला 40 ग्रॅम दागिने आणि पुरुषाला 20 ग्रॅम करमाफ, आपल्याला शून्य, हा कस्टमचा नियम त्यांना गाईडपेक्षा पक्का पाठ होता. खरेदी अर्थातच केशरावर भागली.

क्रूझने दुबईला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: बुरुज बसमधूनही दिसतो, त्याची काळजी नको. खाडीसाठी मात्र वेळ मागून घ्या आणि एक सुटा दिरहम खिशात ठेवा. दिलेला पैसा पुरेपूर वसूल करून देणारी दुसरी सहल त्या शहरात नाही.