मांडीवरची इस्त्री

"अहो, हा माणूस इस्त्री कसली करतोय?"

रात्रीची जेवणं झाली होती. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून मी जेरी बर्ड ऐकत बसलो होतो आणि ओटा पुसता पुसता सौभाग्यवतीने वाकून पाहिलं होतं. तिचं तसं चुकलं नव्हतं. एक वयस्क गृहस्थ खाली मान घालून बसलेला, समोर आडवी फळी, डाव्या हातात चकचकीत लोखंड, आणि ते लोखंड तो सावकाश, कुठेही चुणी पडू नये अशा काळजीने इकडून तिकडे फिरवतोय. चेहऱ्यावर हसू नाही, रडू नाही. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला लग्नसराईत भरजरी पैठणी घेतो तेव्हा त्याचा चेहरा असाच होतो.

"गिटार वाजवतोय," मी म्हटलं.

"झोपवून?"

या प्रश्नाला माझ्याकडे चाळीस वर्षांपूर्वीही उत्तर नव्हतं.

त्या काळी गिरगावात गिटार शिकतो म्हटलं की शंभरातल्या निदान पन्नास लोकांना ही झोपवलेलीच गिटार वाटायची. तिला आम्ही हवाईयन गिटार म्हणायचो. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे मिनिट-दोन मिनिटं मोकळी राहिली की कुठलं तरी सिनेमाचं गाणं गिटारवर लागायचं. बहुधा लखनौहून मुंबईत आलेल्या व्हॅन शिपलीची तबकडी. शब्द नाहीत, गाणारा नाही, पण अख्खी चाळ शब्द लावून गुणगुणायची. ते ऐकूनच मी क्लासला नाव घातलं. आईला वाटलं, उभी गिटार घेऊन हा पोरगा पार्ट्यांना जाईल. त्यापेक्षा ही मांडीवरची बरी. ही गिटार मांडीवर घेऊन माणूस नाचू शकत नाही, हा तिचा आई-वडिलांच्या दृष्टीने सर्वात मोठा गुण.

हिचं दुसरं नाव स्टील गिटार. ते ऐकून पुष्कळांना ती स्टीलची असते असं वाटतं. स्टीलचा असतो तो डाव्या हातातला बार. बोटाएवढा लांब, एका टोकाला गोल, हातात घेतला की पावशेराचा वाटणारा. तारा फळीपासून इतक्या उंच ताणलेल्या असतात की बोटाने दाबायची सोयच नाही. त्यांच्यावर हा बार नुसता टेकवायचा आणि सरकवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. पट्ट्या आखलेल्या असतात, पण त्या रस्त्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगसारख्या: दिसतात, थांबवत कुणालाच नाहीत. बार बरोब्बर पट्टीच्या वर उभा राहिला तर सूर. केसभर अलीकडे किंवा पलीकडे राहिला तर शेजारी.

आमचे शेजारी खालच्या मजल्यावरचे पेटीवाले काका. चार दिवस त्यांनी सोसलं. पाचव्या दिवशी जिना चढून आले.

"अरे, तुझी गाडी दर स्टेशनात चार डबे पुढे जाऊन थांबते. उतरणाऱ्याने उतरायचं कुठे?"

काकांचं दुःख वेगळंच होतं. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दाराबाहेर काढलं होतं आणि पुढे तीसेक वर्षं आत घेतलं नव्हतं. तिच्यावरच्या आरोपपत्रात एक कलम होतं: तिला मींड येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर ती उडी मारते, घसरत जात नाही. काकांच्या पेटीला मींड येत नव्हती आणि माझ्या गिटारला मींडीशिवाय काही येत नव्हतं. आम्ही दोघं मिळून एक पूर्ण वाद्य झालो असतो. पण काकांनी तसा प्रस्ताव कधी मांडला नाही.

दीड वर्षाने क्लास सुटला, गिटार एका भाच्याकडे गेली आणि तिथून कुठे गेली ते भाच्यालाही सांगता येत नाही.

आता निवृत्तीनंतर, न जमलेल्या गोष्टींवर प्रेम करायला भरपूर वेळ आहे. जेरी बर्ड मला या वयात भेटला. (त्याला मी एकेरीत बोलवतो. खाँसाहेबांना असं म्हणायची माझी छाती नाही, पण आवडत्या गोऱ्या माणसाला 'अहो बर्डसाहेब' म्हटलं की तो बँकेतला इन्स्पेक्टर वाटायला लागतो.) 1920 साली ओहायो राज्यातल्या लिमा नावाच्या गावात जन्मला. समुद्रापासून लांब, नारळाचं झाड औषधालाही नाही. मंदीच्या दिवसांत गावात हवाईच्या कलाकारांचा तंबू लागला आणि शाळकरी जेरीने तिथे ही गिटार ऐकली. आपल्याकडेही तंबूतल्या खेळाने बिघडलेली मुलं गावोगाव सापडतील. हे त्यांचं अमेरिकेतलं भावंड.

ही मांडीवरची गिटार मुळात हवाईची. तिथल्या ओआहू बेटावर लाइए गावात जोसेफ केकुकू नावाचा पोरगा होता. रेल्वेच्या रुळांवरून चालताना त्याला एक बोल्ट सापडला, तो त्याने गिटारच्या तारेवर घासला आणि काम झालं, अशी गोष्ट सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतली ही हकिगत. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका मुलाने त्याच्याही आधी तारांवर असलं काही फिरवलं होतं, असाही एक दावा आहे. तो खरा मानायचा मला फार मोह होतो. पण विमानापासून प्लास्टिक सर्जरीपर्यंत आपल्या नावावर आधीच इतकं चढलेलं आहे की हे एक केकुकूकडे राहू द्यावं. मात्र तारेवर काहीतरी सरकवून वाजवायची कल्पना आपल्या विचित्र वीणेत आणि दक्षिणेतल्या गोट्टुवाद्यात आहेच. तेव्हा अगदी परकं वाद्यही म्हणता येत नाही. आणखी एक गंमत. बाजारात आलेली पहिली विजेवरची गिटार उभी नव्हती, हीच मांडीवरची होती. रिकनबॅकर कंपनीने 1932 च्या सुमारास ॲल्युमिनियमची ओतून काढली, वाटोळं अंग आणि लांब दांडा. लोकांनी तिचं नाव ठेवलं तवा. म्हणजे सौभाग्यवतीने इस्त्री म्हटलं त्यात नवीन काही नाही, या वाद्याला संसारातल्याच वस्तूंची नावं पडतात.

बर्ड ज्या तारजुळणीने ओळखला जातो तिला सी सिक्स्थ म्हणतात. नाव ऐकून मला तो कलमाचा पोटनियम वाटला होता. मग कागदावर मांडून पाहिलं. खालून वर तारा लावायच्या त्या अशा: सा ग प ध, आणि वर पुन्हा सा ग. म्हणजे भूपच की! रिषभ तेवढा गळालाय. ओहायोतल्या माणसाची गिटार नुसती छेडली तरी आपल्या पहाटेच्या रेडिओसारखी का वाटते, त्याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. त्यात थोर संगीतशास्त्र नाही हे मला ठाऊक आहे, पण मी दोन दिवस खुशीत होतो.

या जुळणीत बार सरळ ठेवला की एकाच जातीचे स्वरसमूह मिळतात. वेगळे हवे असतील तर बार तिरका धरायचा, म्हणजे एका तारेवर एक पट्टी आणि शेजारच्या तारेवर पुढची. आता, पट्ट्यांमधलं अंतर वर जावं तसं कमी होत जातं. म्हणून प्रत्येक ठिकाणी तिरकेपणाचा कोन निराळा. खाली जो कोन सुरेल, तो वर बेसूर. मला सरळ बार जमत नव्हता, आणि हा माणूस तिरका बार सरकवत सरकवत नेतो, वाटेत कोन बदलतो, आणि दोन्ही तारा एकदमच आपापल्या घरी पोचतात. मी तो तुकडा चौदा वेळा पाहिला. चौदाव्या वेळी लक्षात आलं की आपण हाताकडे बघतोय, ऐकत नाही आहोत.

ऐकायची गोष्ट म्हणजे त्याचं थांबणं. बार किंचित खालून येतो, सुरावर उभा राहतो आणि काही करत नाही. नवशिका लगेच हात थरथरवतो, कारण थरथरीत चूक लपते. (माझं सगळं वादन म्हणजे थरथरच होती.) बर्ड सूर आधी स्वच्छ दाखवतो, ओलं धोतर झटकून दोरीवर टाकावं तसा, आणि मग त्याला हळू वारा लागतो. त्याच्या मंडळींनी त्याला स्पर्श आणि नाद यांचा उस्ताद अशी पदवी दिली. पदव्या आपल्याकडे रिक्षांच्या मागेही लिहिलेल्या असतात, पण ही नेमकी आहे.

हँक विल्यम्स 1948 च्या डिसेंबरमध्ये सिनसिनाटीत 'लव्हसिक ब्लूज' म्हणायला उभा राहिला, तेव्हा मागे स्टील गिटार होती ती बर्डची. पुढच्या वर्षीच्या 'आय ॲम सो लोनसम आय कुड क्राय'मध्येही तोच. गाणारा एकटेपणाचं सांगतो आणि गिटार त्याच्या शेजारी नुसती बसून राहते. सांत्वनाला आलेल्या शहाण्या माणसासारखी, एक शब्द जास्त नाही.

मग पेडल आलं. 1954 साली वेब पिअर्सचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्सने पायाच्या खटक्याने वाजत्या तारेचा सूर चढवला होता. बार हलत नाही, बाकीच्या तारा जागच्या जागी, आणि मधलाच सूर वाकून वर जातो. लोक वेडे झाले. नॅशव्हिलमधल्या वादकांनी गिटारींना पेडलं बसवून घेतली, पुढे गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्याही आल्या. पेडलवाले काही कमी प्रतीचे नव्हेत, त्यांच्यातही एकेक बहाद्दर आहे. पण दोन हात, दोन पाय आणि दोन्ही गुडघे कामाला लावून वाजवणारा माणूस पाहिला की मला आमच्या गल्लीतला शिलाई मशीनवाला आठवतो.

बर्डने पेडल लावलं नाही. काम त्या वाद्याला मिळत होतं, फॅशन तीच होती, तरी नाही. याला काही जण हट्ट म्हणतील. मी म्हणतो, जो सूर पायाने आयता मिळतो तो त्याला हाताने शोधायचा होता, आणि दर वेळी नव्याने. हे मला कळतं, कारण घरात मिक्सर असून पाट्यावर चटणी वाटणारी एक व्यक्ती मी रोज बघतो. चवीत फरक आहे का, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

1972 साली तो चंबूगबाळं आवरून थेट होनोलुलूला गेला. तिथे पाहतो तो काय, ज्या मातीत ही गिटार जन्मली तिथल्या पोरांनाच ती येईनाशी झालेली. मग हा लिमाचा माणूस हवाईच्या मुलांना हवाईची गिटार शिकवत बसला. ॲलन अकाका हे त्याच्या शिष्यांतलं आज मोठं नाव. 2005 साली बर्ड गेला, तोही होनोलुलूतच. लहानपणी तंबूत जे ऐकलं त्याचा पत्ता शोधत माणूस शेवटी पोचला म्हणायचा.

आपल्याकडे ही गिटार रागदारीत नेली ती ब्रिजभूषण काबरांनी. अली अकबर खाँसाहेबांचे ते शिष्य. 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' घरोघरी गेली, पण तिचं नाव काढलं की लोक शिवकुमारांचा संतूर आणि हरिप्रसादांची बासरी एवढंच बोलतात. त्यातला तिसरा माणूस काबरा. आणि ती तबकडी काढवून घेणारे जी. एन. जोशी म्हणजे आपले भावगीतवाले. ती घरात असेल तर एकदा फक्त गिटारीसाठी ऐका. पंखा बंद करून.

त्या रात्री मोबाईल मिटला आणि मला एकदम आठवण झाली. गिटार गेली, पण बार? तो भाच्याला दिल्याचं आठवेना.

"माझा एक लोखंडी दांडा होता. बोटभर. पाहिलास का गं कुठे?"

"तो ना? मसाल्याच्या डब्यामागे आहे. पण आत्ता काढू नका. उद्या श्रीखंड आहे."

गेली तीस वर्षं आमच्या घरचे वेलदोडे त्याच्यानेच कुटले जातात. बारीक होतात.