तोंड पुसू नये

वैशाखात मोलगीकडे गेलात तर अंगणात, खाटेवर, कौलांवर, जिथं म्हणून जागा मिळेल तिथं कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील. चार उन्हं लागली की फोडीतलं पाणी उडतं आणि आमचूर व्यापाऱ्याच्या पोत्यात जायला तयार होतो. पावसाळ्याआधीचा किराणा या पैशांवर भरणारी घरं सातपुड्यात पुष्कळ आहेत. तीच हवा घाट उतरून अक्कलकुव्यात येते आणि आपल्या गालांवर तेच काम करते. फरक इतकाच, की गालांना भाव मिळत नाही.

या गालांच्या बंदोबस्तासाठी हल्ली हायलुरोनिक ॲसिड निघालं आहे. आमच्या घरी ते पुतणीच्या नावाने कुरिअरने आलं. चिमुकली काचेची बाटली, तिला ड्रॉपर, आणि आत धड पाणी नाही, धड चीक नाही असं काहीतरी. नाव ऐकताच आईने नाकाला पदर लावला. ॲसिड आमच्याकडे येतं ते फरशी नाहीतर संडास घासायला.

“पोरी, तोंडाला लावतेस हे?”

“आजी, हे जाळणारं नाही. हे आपल्या अंगातच असतं.”

पोरीचं खरं होतं. मोठ्या माणसाच्या शरीरात हे द्रव्य साधारण 15 ग्रॅम असतं, त्यातलं निम्मं कातडीत. शिवाय यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडीत निघतो आणि तितकाच नवा तयार होतो. इतक्या नेमाने काम करणारं दुसरं खातं मी तरी पाहिलेलं नाही. 1934 साली कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही गाईच्या डोळ्यातून. पुढे कोंबड्याच्या तुऱ्यात ते भरपूर सापडलं आणि कारखाने बरीच वर्षं तुऱ्यांवर चालले. हे मी उत्साहाने सांगितलं आणि आईने बाटली देवघरापासून लांब ठेवायचा हुकूम काढला. आता बहुतेक माल जिवाणूंकडून टाक्यांत आंबवून करून घेतात, अशी मी सारवासारव केली. आंबवण्याचं शास्त्र सातपुड्याला नवं नाही, पण तो विषय वेगळा. शेवटी, गुडघ्यात देतात त्या इंजेक्शनातही हेच असतं, हे कळल्यावर आईचा विरोध मावळला. ते इंजेक्शन किती महाग होतं हे तिच्या चांगलं लक्षात आहे.

गोम पुढेच आहे. हे द्रव्य पाणी धरून ठेवतं. पाणी आणत नाही. श्रावणात इथली हवाच ओली असते, तेव्हा गालाला काही लावलं काय आणि न लावलं काय, निभून जातं. पण वैशाखात, किंवा सातपुड्यातल्या डाबला पहाटेचं दंव गोठतं त्या दिवसांत, दिवसा हवेत ओल फारशी नसते. अशा वेळी कोरड्या गालावर सीरम चोपडून पंख्याखाली बसलं, की त्याने धरलेलं पाणी हवा घेऊन जाते आणि जाताना कातडीच्या आतलंही थोडं ओढते. दुपारपर्यंत गाल ओढल्यासारखे होतात आणि पुतणी म्हणते, “काका, फसवलं त्यांनी!” फसवलेलं नसतं. ओल्या चेहऱ्यावर लावा, वरून क्रीम लावा, हे खोक्यावर छापलेलं असतं, फक्त मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत. सुरकुत्यांचं म्हणाल, तर हा रेणू चांगला थोराड. तो बहुतेक वरच्या वरच बसतो. त्याने कातडी थोडी फुगून रेषा पुसट दिसतात, पण वय काही मागे जात नाही.

क्रीमचं काम वरून झाकण घालायचं, आणि झाकण आमच्याकडे फार पूर्वीपासून आहे. मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजून बाटलीतून उतरत नाही, म्हणून आई बाटली चुलीच्या उबेला ठेवते. अंघोळ झाली की अंग पुरतं न पुसता ती तळहातावर ते तेल चोळते आणि आधी टाचांना, मग कोपरांना, उरलेलं गालांना लावते. पुतणीला त्याचा वास सोसत नाही. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, वास आहेच. पण डिसेंबरात आईच्या टाचेला भेग नसते, हेही मी पाहतो.

तेव्हा ज्यांनी बाटली मागवली आहे त्यांनी ती खुशाल वापरावी. तोंड धुतलं की टॉवेलला हात लावू नये, दोन थेंब ओल्या गालावर पसरावेत आणि लगेच वरून तेल किंवा क्रीम लावावं. ज्यांनी मागवली नाही त्यांनी हळहळू नये. पाणी धरून ठेवायचं काम ग्लिसरीनही करतं, आणि ते अक्कलकुव्यातल्या मेडिकलमध्ये कुरिअरची वाट न बघता मिळतं.