गरुडाची चोच आणि भूमितीचा तास

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत मध्यंतरी दहावीच्या मुलांना ध्येय वाटण्यात आलं. ‘वाटण्यात आलं’ असंच म्हणायला हवं, कारण त्याआधी ते मुलांकडे नव्हतं याबद्दल संस्थाचालकांची पक्की खात्री होती. भाचा त्याच वर्गात. ‘पालकांनी उपस्थित राहावे’ या ओळीखाली लाल रेघ मारलेली, म्हणून ताईच्या वतीनं मी गेलो.

वक्ते बाहेरगावचे होते. शाल, नारळ आणि बंद पाकीट घेऊन त्यांनी थेट गरुडालाच हात घातला. गरुड चाळिशीला आला की म्हणे डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच पाडतो. नवी चोच आली की तिनं जुनी नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं उपटतो आणि पाच महिन्यांनी आणखी तीस वर्षं जगायला मोकळा होतो. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, चोच नसताना पाच महिने तो खातो काय?”

“जिद्द!” सर म्हणाले. टाळ्या पडल्या.

पक्ष्यांची माहिती असलेल्या कुणालाही विचारा. चोच गेलेला गरुड उपाशी मरतो. चोच आणि नखं आपल्या नखांसारखीच जन्मभर वाढत नि झिजत असतात, त्यासाठी वेगळी रजा काढावी लागत नाही. पण खऱ्या गरुडावर व्याख्यान द्यायचं तर ते जीवशास्त्राच्या तासात बसतं, आणि त्या तासाला पाकीट नसतं.

मग आलं 1953 सालचं येल विद्यापीठ. तिथल्या फक्त तीन टक्के मुलांनी आपलं ध्येय कागदावर लिहून ठेवलं होतं, आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची कमाई उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांपेक्षा जास्त निघाली. गोष्ट झकास आहे, फक्त असा अभ्यास कुणी केलेलाच नाही. अमेरिकेतल्या एका मासिकानं 1996 मध्ये तिचा माग काढला, तेव्हा एक वक्ता दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. पाठोपाठ ‘एकवीस दिवसांत सवय’ही आली. तिचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात आहे. रुग्णाला नव्या नाकाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढं ‘निदान’ गळालं, नाकही गळालं, राहिले एकवीस दिवस. लंडनमध्ये पुढं कुणीतरी खरोखर मोजून पाहिलं, तर साधारण 66 दिवस निघाले. एखाद्याला 18 पुरले, तर एखाद्याचा हिशेब 254 वर गेला. म्हणजे दिवाळीत धरलेली सवय आषाढात लागणार आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात!

शेवटी प्रत्येकाला एकेक कोरा कागद मिळाला. डोळे मिटा, पाच वर्षांनंतरचे तुम्ही बघा, डोळे उघडा, लिहा. निम्मा वर्ग जिल्हाधिकारी झाला. आता, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2024 च्या परीक्षेतून अख्ख्या देशात सगळ्या सेवांना मिळून 1009 उमेदवार निवडले गेले, ते सोडा. पण पंधरा वर्षांची ही पोरं पाच वर्षांनी विशीची होतील, आणि त्या परीक्षेला बसायचं किमान वय 21. हे व्यासपीठावरच्या एकालाही सुचलं नाही.

भाच्यानं लिहिलं होतं : ‘शनिवारपर्यंत समरूपतेची उदाहरणे समजून घेणे.’ सरांनी तो कागद उचलून सगळ्यांना वाचून दाखवला. “बघा, विचार किती छोटा! अरे, स्वप्नं बघायलाही कंजुषी?” वर्ग हसला. भाच्यानं ओळ खोडली आणि तोही जिल्हाधिकारी झाला.

आता समरूपताच का, तर गणिताचे सर जूनमध्ये निवृत्त झाले आणि त्यांची जागा अजून भरायची आहे. तूर्त भूमिती पीटीचे सर बघतात. माणूस लाखाचा. वर्गात शिट्टी वाजवून शांतता करतात आणि प्रमेय पाठ करून घेतात. पण ‘का’ विचारलं की मैदानाला एक फेरी. तासिका तत्त्वावर कुणाला तरी नेमावं म्हणून ताई आणि चार पालक संस्थाचालकांना भेटायला गेले होते, तेव्हा निधी नव्हता. शाल कोणत्या निधीतून आली ते विचारायचं मात्र मी विसरलो.

खरोखर झालेला एक प्रयोग मला ठाऊक आहे, तो कुठल्याच व्याख्यानात ऐकला नाही. बँडुरा आणि शंक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये तो प्रसिद्ध केला. वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांपैकी काहींना सांगितलं, दर बैठकीत सहा पानं सोडवा. काहींना सांगितलं, सात बैठकांत मिळून बेचाळीस पानं. हिशेब एकच. पण सहा पानंवाली मुलं पुढं गेली. वजाबाकीही जमली आणि आपल्याला ती जमते हा विश्वासही आला. यात गरुड नाही, शिवाय प्रत्येकाला सहा पानं काढून देणारं कुणीतरी रोज वर्गात हजर लागतं. तेव्हा त्याचा प्रसार न होणं साहजिक आहे.

गेल्या सोमवारी भूमितीची घटक चाचणी झाली. शाळेत कागदाची चणचण होती, पण कपाटात दहावीचा ध्येयांचा गठ्ठा पाठकोरा पडलेला होता, तोच वाटला. भाच्याच्या वाट्याला कुणाचं तरी जिल्हाधिकारीपद आलं. त्यामागे त्यानं दोन त्रिकोण पट्टीनं नीट आखले, नावं दिली आणि पुढं काय करायचं ते न कळून कोपऱ्यात एक छोटी सायकल काढली. काल पेपर मिळाला. भूमितीच्या बाजूला चारांपैकी एक, तोही आकृतीचा. तपासताना पीटीच्या सरांनी कागद उलटवून पाहिलेला दिसतो, कारण जिल्हाधिकाऱ्याच्या बाजूला लाल शाईत भलीमोठी बरोबरची खूण आहे, आणि खाली शेरा : ‘छान, असाच सराव ठेव.’