मामा ग्राइंडर घेतात

चेन्नईच्या मैलापुरात रावमामा एकच नाहीत. एक चित्रकुळाजवळ राहतात, एक कचेरी रोडच्या आतल्या गल्लीत, आणि तिसऱ्यांनी मेट्रोच्या खोदकामाला कंटाळून मंदवेळीला बिऱ्हाड हलवल्याचं ऐकतो. घर तंजावरी मराठी, ओसरीवर चार बाकं टाकून चालवलेली मेस, सकाळी इडली-पोंगल, संध्याकाळी अडै, आणि डोक्यात बारमाही एकच घोळ: मेससाठी मोठा ग्राइंडर विकत घ्यावा, भाड्याने घ्यावा, की लीजवर? मी ज्यांच्याकडे इडली खातो त्या मामांचं हे वर्णन आहे. बाकीच्यांनी हवं तर आपलं नाव घालून घ्यावं.

मामांना हिशेब येत नाही, असं मात्र कुणी समजू नये. मैलापुरात हिशेब न येणारा माणूस बाहेरगावचा समजतात. मामा कुणालाही दोन मिनिटांत समजावून देतात. समजा यंत्राची किंमत 40,000 रुपये आणि रोजचं भाडं 400. म्हणजे शंभर दिवसांत किंमत वसूल. वर्षाकाठी शंभराहून कमी दिवस लागणार असेल तर भाडं बरं, जास्त लागणार असेल तर खरेदी. मार्गळी महिन्यात संगीतसभांच्या कॅन्टीनचं कंत्राट घेणाऱ्या आचाऱ्याने डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत लागणारी शेगडी विकत घेतली, तर ती उरलेले अकरा महिने त्याच्या पडवीत बसून त्याच्याकडे बघत राहील. त्याने भाड्यानेच आणावी. आणि ज्याच्या घरी रोज पहाटे इडलीचं पीठ लागतं त्याने डोळे मिटून विकत घ्यावं.

हे सगळं मामा स्वतःच सांगतात. मग थोडा वेळ डोळे मिटतात. मग उघडून म्हणतात, “तरी पण, पाक्कलाम.” म्हणजे, बघू या.

ग्राइंडर हवा यावर वाद नाही. मिक्सरचं पातं गरगर फिरून पीठ तापवतं, तापलेलं पीठ नीट फुगत नाही. दगड सावकाश फिरतो, उडीद गार राहून हलका होतो. हे मामींना कळतं, गिऱ्हाइकांना जिभेवर कळतं. तोही कोइमतूरचाच हवा, त्या गावाच्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे. ओतायला भांडं कलतं असावं, नाहीतर पीठ काढताना मामींची कंबर जाते. एवढं सगळं ठरलेलं आहे. राहिलं आहे ते फक्त घेणं.

खरेदीची तयारी म्हणून मामा खिशात लोहचुंबक बाळगतात. शर्टाच्या वरच्या खिशात, पेन आणि विभूतीच्या पुडीच्या मधे. दुकानात शिरले की आधी चुंबक काढून यंत्राच्या पत्र्याला लावतात. चिकटलं नाही की विजयी मुद्रेने आमच्याकडे बघतात: पोलाद अस्सल, 304 नंबरचं. दुकानदार मान डोलावतो. त्याला पक्कं ठाऊक असतं की निकेल वाचवून त्याजागी मँगनीज घातलेल्या 202 नंबरच्या स्वस्त पत्र्यालाही चुंबक सहसा चिकटत नाही. फरक कळतो तो पुढे, गंज चढला की, आणि मैलापुरात लवकर कळतो, कारण सांथोमचा समुद्र हाकेच्या अंतरावर आणि त्याची खारी हवा रात्रभर स्वयंपाकघरात मुक्कामाला. हे कुणीतरी मामांना सांगितलं. दुसरा कुणी असता तर त्याने चुंबक टाकून दिलं असतं. मामांनी ठेवलं, फक्त आता चिकटलं तरी संशय आणि नाही चिकटलं तरी संशय. न घेण्याला आणखी एक कारण मिळालं, याचं समाधान मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

2022 च्या जूनमध्ये मात्र मामा खरोखर काठावर आले होते. दरपत्रक हातात, ॲडव्हान्सचा चेक लिहिलेला, फक्त सही राहिलेली. तेवढ्यात जीएसटी कौन्सिलने दगडी ग्राइंडरवरचा कर 5 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. अंमल 18 जुलैपासून. म्हणजे हातात जवळजवळ तीन आठवडे होते. कुणीही त्या दुपारीच दुकान गाठलं असतं. मामांनी वर्तमानपत्राची घडी घालून सांगितलं की सरकारचं काही खरं नसतं, शेवटच्या क्षणी मागे घेतील. सरकारने घेतलं नाही. 19 जुलैला मामा म्हणाले, वाढलाय तो उतरेलही; उतरला की घेऊ. मामींनी त्या दिवशी इडलीच्या ताटलीत चटणी अंमळ जोरात आपटली.

लीजचं प्रकरण याहून रंगलं. एका कंपनीचा पोरगा टॅब घेऊन ओसरीवर आला. छत्तीस मासिक हप्ते, मालकी कंपनीची, विमा आणि दुरुस्ती मामांची, मुदत संपली की यंत्र परत करा किंवा उरलेली किंमत भरून ठेवून घ्या. शिवाय लीजचं भाडं धंद्याच्या खर्चात सगळं वजा मिळतं. विकत घेतलंत तर आयकरात वर्षाला 15 टक्केच घसारा. पोरगा छान बोलला. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि आपली अट सांगितली. चेन्नईत घर लीजवर देतात ते ठाऊक आहे ना? भाडेकरू एकरकमी पैसा मालकाच्या हातात ठेवतो, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहतो आणि जाताना आपली रक्कम जशीच्या तशी घेऊन जातो. मामांनी स्वतः माडी तशीच दिली आहे. “तेच करू या. हे घ्या 40,000. तीन वर्षांनी मी तुम्हाला ग्राइंडर देतो, तुम्ही मला 40,000 द्या.”

पोरगा बराच वेळ टॅबमध्ये काहीतरी शोधत राहिला. असा रकाना तिथे नसावा. शेवटी त्याने फिल्टर कॉफी घेतली आणि गेला. अजूनही येतो तो, पण कॉफीला.

नंतर मामांनी मला लीज नको असण्याचं खरं कारण सांगितलं. हिंदुस्थानात लीजच्या कंपन्यांची सुरुवातच या गावात झाली, 1973 साली, फर्स्ट लीजिंग कंपनीपासून. 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि पुढे तिचा कारभार आटोपला. मामांसाठी एवढं पुरेसं आहे. त्याआधीचं हवं असेल तर 1906 ची आर्बथनॉट कंपनी आहेच. ती बुडाली तेव्हा अर्धं मद्रास रडलं आणि मैलापूरचे वकील कृष्णस्वामी अय्यर आणि इतरांच्या खटपटीने दुसऱ्या वर्षी इंडियन बँक उभी राहिली. मामांच्या घरातलं कुणी आर्बथनॉटमध्ये बुडालेलं नाही. तरी ते दुःख त्यांनी वारसाहक्काने जपलं आहे. त्यांचे स्वतःचे पैसे मैलापूर हिंदू पर्मनंट फंडात असतात, 1872 सालच्या. नावातच कायमचं असल्यामुळे ते तिथून काढावेत असं त्यांना कधी वाटत नाही.

इतिहास हा मामांचा हळवा कोपरा. सर टी. माधवराव, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण, 1891 मध्ये इथेच मैलापुरात वारले. मामा त्यांचा उल्लेख थोरल्या चुलत्यासारखा करतात. दुसरे दिवाण बहादूर रघुनाथराव. 1884 च्या डिसेंबरात त्यांच्या मैलापुरातल्या घरी सतरा माणसं बसली आणि देशभराची राजकीय चळवळ काढायचं ठरलं, काँग्रेसचा उगम तोच, असं ॲनी बेझंटबाईंनी लिहून ठेवलं आहे. “आपल्या मराठी माणसाच्या ओसरीवर!” मामा सांगतात. त्यावर आतून मामींचा आवाज येतो: “एका बैठकीत ठरवलं ना त्यांनी? ग्राइंडरचंही त्यांनाच विचारायचं होतं.”

मला वाटतं मामींचं निदान बरोबर आहे. मामांना पैशाची भीती नाही, ते कंजूसही नाहीत. देवळाच्या पंगुणी उत्सवात अरुपत्तुमूवरच्या दिवशी संतांच्या पालख्या देवळाभोवतीच्या माडवीथींतून फिरतात तेव्हा मामा दारात घागरी भरभरून गुळाचं पानकम वाटतात. त्यांना वस्तूची मालकी चालते, निर्णयाची चालत नाही. विकत घेतलं आणि मोटार जळली तर चूक कुणाची? मामांची. भाड्याचं जळलं तर भाड्याने देणाऱ्याची. 2015 च्या डिसेंबरात शहरात पाणी शिरलं, 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळात पुन्हा शिरलं. तळमजल्यावर मोटार ठेवणाऱ्या माणसाने याचा विचार करू नये असं कोण म्हणेल? मामांची प्रत्येक शंका सुटी घेतली तर शहाणपणाची असते. त्या एकत्र आल्या की यंत्र येत नाही.

वाचकाने एव्हाना विचारायला हवं होतं की मग इतकी वर्षं इडल्यांचं पीठ कशावर वाटलं जातंय.

भाड्याच्या ग्राइंडरवर. निर्णय होईपर्यंत आठ-दहा दिवसांची सोय म्हणून मामांनी तो कोपऱ्यावरच्या अण्णाच्चींकडून आणला होता. अण्णाच्चींचं दुकान म्हणजे लग्नकार्याच्या भांड्यांचं: माणूस आत बसेल अशी पातेली, उरुळ्या, वल्ह्याएवढे झारे, आणि प्रत्येकावर ठोक्यांनी उमटवलेली दुकानाची आद्याक्षरं. तीच आद्याक्षरं मामांच्या स्वयंपाकघरातल्या ग्राइंडरवर आहेत. सुरुवातीला भाडं रोजाने ठरलं, मग आठवड्याने, मग महिन्याने, आणि अण्णाच्ची आता वसुलीला येतात तेव्हा पोंगल खाऊन हिशेब तोंडीच करतात. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून देणारा माणूस तेच पाठवतात. मोटारीचं वाइंडिंगही त्यांनीच बदललं. फक्त पंगुणीच्या दिवसांत, अन्नदानवाल्यांची झुंबड उडते तेव्हा, अण्णाच्चींची नजर त्या ग्राइंडरवर फिरते आणि मामांची झोप उडते. भाडेकरूची हीच एक दुखरी जागा: वस्तू आपल्याला लागते तेव्हाच ती सगळ्या गावाला लागते. तेवढे दिवस अण्णाच्चींच्या पोंगलवर तूप जास्त असतं.

भाड्याची बेरीज किमतीच्या पुढे कधीच गेली. किती पुढे, ते मामा सांगत नाहीत; मामींना विचारलं तर त्या बोटं मोजायला लागतात आणि मग पदर पुढे घेऊन हसतात.

गेल्या पंगुणीनंतर अण्णाच्चींनी दुकान मुलाच्या हाती द्यायचं ठरवलं. मुलाला जुनी यंत्रं नकोत. सामान आवरता आवरता ते ओसरीवर आले, बाकावर टेकले आणि म्हणाले, “रावसार, तुम्ही त्याची किंमत केव्हाच फेडलीत. ठेवून घ्या तो ग्राइंडर. भाडं नको.”

मामींनी आतून हात जोडले. आम्ही दोघा-तिघांनी अभिनंदन केलं. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आधी विचारलं की टाकी कोण लावणार. मग विचारलं की मोटार जळली तर. मग चप्पल पायात सरकवली. मैलापुरात दर दोन घरांआड एक ऑडिटर राहतो. मामा त्यांतल्या एकाकडे निघाले होते, फुकट मिळालेल्या यंत्राची किंमत शून्य, तर शून्यावर 15 टक्के घसारा धरायचा कसा हे विचारायला. अण्णाच्चींना त्यांनी जाता जाता बजावलं, “निकाल लागेपर्यंत या महिन्याचं भाडं घेऊनच जा.”