फुकटचं वाय-फाय
शेजारच्या काकांनी वाय-फायचा पासवर्ड दिला, तेव्हा वाटलं, विरजणासारखंच हे, मागितलं, मिळालं. पण विरजण नेल्यावर दही कशाशी खाल्लं, हे काकांना कळत नाही. राउटरला बरंच कळतं. पत्त्यात एचटीटीपीएस असलं की पानावर काय वाचलंत ते झाकलं जातं, हे खरं. पण कुठल्या संकेतस्थळाच्या दारात, किती वाजता गेलात, ते बहुधा दिसतं. पत्र बंद, पाकिटावरचा पत्ता उघडा. रात्री दोनला नोकरी शोधणं, अडीचला मूळव्याधीवरचे उपाय. एवढ्यावर चरित्र लिहून होतं.

‘मी इनकॉग्निटो लावतो,’ भाचा छाती फुगवून सांगतो. मांजरही डोळे मिटूनच दूध पितं. ती खिडकी इतिहास पुसते तो आपल्याच फोनवरचा. व्हीपीएन घ्यावं, तर काकांऐवजी अनोळखी कंपनीवर भरवसा (तीही फुकटची असली तर बोलायलाच नको).

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. काल काका जिन्यात भेटले. आवाज खाली आणून म्हणाले, “इसबगोल घेऊन बघ रे.”